शहाणं तेल

शालन माळी आयुष्यात एकच खोटं बोलत आली होती, पण ते अगदी नेमानं, दर अमावस्येला.

तेही तोंडानं नाही. तासगावच्या अलीकडं, येरळेच्या काठी, बेदाणा उत्पादकांच्या संघाचं शीतगृह होतं. तिथल्या यंत्रघरात भिंतीवर एक पडदा होता आणि पडद्याच्या कोपऱ्यात 'सेन्सर तपासणी' असं लिहिलेला एक चौकोन. यंत्राची सगळी माहिती दिवसरात्र पुण्याला कंपनीकडं जात असे. या चौकोनाला बोट लावलं की पुढच्या तासाभराची माहिती कंपनी धरत नसे. सेन्सर नीट वाचतायत का, हे वर्षातून एकदा बघण्यासाठी ठेवलेली ती सोय होती. शालन ती दर अमावस्येला वापरायची. चौकोनाला बोट लावायची, यंत्र बंद करायची, उंबऱ्याशी नारळ फोडायची, बेदाणा निवडणाऱ्या बायकांना खोबरं वाटायची आणि तासाभरानं यंत्र पुन्हा सुरू करायची. सुरू करताना पहिली दहा मिनिटं ते अगदी सावकाश फिरवायची, आजारातून उठलेल्या माणसाला अंगणात चालवावं तसं. कोठ्यांत थंडी इतकी मुरलेली असायची की तेवढ्या वेळात आतल्या बेदाण्याला पत्ताही लागत नसे.

आणि महिनाअखेरीला शीतगृहाची व्यवस्थापक कंपनीच्या कागदावर सही करायची, की यंत्र महिनाभरात एकदाही थांबलेलं नाही. ही व्यवस्थापक म्हणजे वेदिका, शालनची सून.

यंत्राविषयी थोडं सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. शीतगृहाचा जीव कॉम्प्रेसरमध्ये असतो. कोठीतली उष्णता पिऊन आलेला वायू तो दाबतो. दाबलेला वायू तापतो, ती उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो आणि निवून पुन्हा कोठीत जातो. दाबायचं काम पिस्टन करतात, पिस्टनांना क्रँकशाफ्ट हा फिरता दांडा ढकलतो, आणि धातूवर धातू मिनिटाला दीड हजार वेळा फिरत राहतो. मध्ये तेल नसेल तर थोड्याच वेळात सगळं एकमेकांना चिकटून बसेल. पण इथल्या तेलाचं काम मोटारीतल्या तेलापेक्षा अवघड. मोटारीत तेल आपल्या जागी राहतं. इथं ते वायूतच विरघळतं, त्याच्याबरोबर नळ्यांतून भटकून येतं, आणि येतं ते पातळ होऊन. पृथ्वी तापू लागल्यावर जुने वायू एकेक करून बंद झाले आणि बरीच शीतगृहं कार्बन डायऑक्साइडवर आली. सोड्याच्या बाटलीतला तोच हा वायू. विषारी नाही, भडकत नाही, पण त्याला दाब भयंकर लागतो आणि तेल धुऊन न्यायला तो सगळ्यांत वस्ताद.

त्यावर तोड म्हणून दोन हजार अडतीस साली नवं तेल निघालं. त्यात डोळ्यांना न दिसणारे कण असत. जिथं धातूवर धातू घासेल तिथं दाबानं आणि उष्णतेनं हे कण फुटत आणि घासल्या जागेवर काचेसारखं कातडं धरत. केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढं पातळ, पण चिवट. तेल पळून गेलं तरी कातडं धातूला सांभाळून घेई. जिथं लागेल तिथंच आणि लागेल तेवढंच. संघातल्या लोकांनी त्याला नाव ठेवलं शहाणं तेल. दहा वर्षं बदलायला नको, बघायला नको. कंपनीची अट एकच होती, यंत्र थांबवायचं नाही. यंत्राची खरी झीज सुरू होतानाच होते, हे इंजिनिअर लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकत आले होते. थांबवलंच नाही तर सुरू करायची वेळच येणार नाही, असा साधा विचार. वीज गेली तर छपरावरचे सौरपट आणि बॅटऱ्या होत्याच.

शालनला ही अट पटली नव्हती. पण तिला विचारलं कुणी होतं?

ती या यंत्रघरात आली ती बावीस वर्षांची असताना, आणि तीही चुकून. निवडण्याच्या शेडमध्ये ती रोजानं कामाला होती आणि यंत्रघराच्या दाराशी पाण्याचा माठ होता. तेव्हाचं यंत्र अमोनियाचं. पुरुषभर उंचीचं चाक, त्यावर पट्टा, कडेला तेलाची गोल काच. वायूची जराशी गळती झाली तरी डोळ्यांतून पाणी काढणारा वास सुटायचा आणि नाकाला ओला पदर लावावा लागायचा, आणि त्या वासातही शेडमधून येणारा बेदाण्याचा गोड वास कळायचा. आता साठी ओलांडल्यावर तिला तो दोन्ही वासांचा एकत्र दरवळ आठवला की उगाच बरं वाटे. दस्तगीर मिस्त्री तिथं राज्य करायचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. काचेत तेल कुठवर आहे ते दिसेना आणि कुणाला सांगवेना. एक दिवस पाणी प्यायला आलेल्या शालनला त्यांनी हळूच विचारलं, पोरी, काचेत किती दिसतंय? तिनं बोट ठेवून दाखवलं. पुढं तीन वर्षं ती त्यांचे डोळे झाली, आणि मिरजेला मुलाकडं राहायला जाताना त्यांनी यंत्रघराची किल्ली तिच्या हातावर ठेवली. बाईमाणसाला यंत्र सोपवल्याबद्दल संघात बरीच कुरबूर झाली, मग विरली.

मिस्त्री पाच वेळचे नमाजी. पण अमावस्येचा नारळ आणि तासाभराचा विसावा त्यांनी कधी चुकवला नाही. शीतगृह बांधलं तेव्हापासूनची ती रीत होती आणि कुणाच्या धर्माची आहे हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. आपण शुक्रवारी पाय पसरतो, हिनं महिन्यातून एक तास पसरले तर काय बिघडलं, असं ते म्हणायचे. तासानंतर ते मोठं चाक हातानं बारा वेळा फिरवायचे, प्रत्येक फेऱ्याला तेलाच्या झारीतून एकेक धार सोडत. "झोपेतून उठवल्या उठवल्या कुणी डोक्यावर घागर देतं का?" हे त्यांचं शास्त्र. नव्या यंत्राला चाक नव्हतं, झारीला जागा नव्हती. पण वेग कमी करायची कळ होती, आणि शालनला तेवढी पुरली.

वेदिकाला तिनं हे सांगितलं नव्हतं. न सांगण्याचं कारण भांडण नव्हतं. उलट, दोघींत कधी भांडणच झालं नव्हतं. मुलगा सुहास वर्षातले आठ महिने नाशिककडं द्राक्षबागांच्या कामावर असे. घरात या दोघी. सहा वर्षांत एकमेकींना चढ्या आवाजात एक शब्द नाही. शालन भाजीत मीठ कमी घालायची, कारण वेदिकाच्या माहेरी कमी खातात, आणि वेदिका ते निमूट खायची, कारण सासूबाईंना तसंच आवडत असेल. गल्लीतल्या बायका नवल करायच्या. शालनला मात्र अधूनमधून वाटायचं, की आपल्या घरात दोन पाहुण्याच राहतात.

चव्वेचाळीसच्या जानेवारीत कंपनीचं पत्र आलं. राज्यात या जातीची दोनशे यंत्रं होती. त्यांतली सहा गेल्या पावसाळ्यापासून एकेक करून जागीच आवळून बसली होती. प्रत्येक वेळी असंच झालं होतं. काहीतरी किरकोळ दुरुस्तीसाठी यंत्र वर्षानुवर्षांनी पहिल्यांदा थांबवलं, आणि पुन्हा सुरू करताना ते अडकलं. संघाचं यंत्र या सगळ्यांच्या आधीचं, आणि ते ठणठणीत. का, ते बघायला इंजिनिअर येणार होता.

निनाद देवल बुधवारी आला. तिशीचा, बोलायला मऊ, येताना पुण्याहून बाकरवडी घेऊन आलेला. त्यानं यंत्र रीतसर थांबवून घेतलं आणि तेलाच्या तोंडातून करंगळीएवढा कॅमेरा आत सोडला. पडद्यावर क्रँकशाफ्टच्या बेअरिंगचं चित्र उमटलं. शालननं इतक्या वर्षांत आपल्या यंत्राचं पोट पहिल्यांदा पाहिलं. निळसर, जांभळट, मोरपिसावर असतो तसा तकाकता थर. निनादनं आवळून बसलेल्या एका यंत्राचं चित्र शेजारी लावलं. तिथं उघडा, ओरखडलेला धातू होता.

"काकू, तुम्ही याला काय खाऊ घालता?" त्यानं विचारलं.

शालननं खोबऱ्याचं नाव काढलं नाही. काही नाही, इतकंच म्हणाली.

दोन दिवस तो शीतगृहभर हिंडला. पाणी तपासलं, धूळ तपासली, हवा तपासली. शुक्रवारी दुपारी चहा घेताना त्यानं वेदिकाला आपला निष्कर्ष सांगितला तेव्हा शालन तिथंच होती. पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. हवेत गंधकाचा अंश राहतो. तो कुठून तरी यंत्राच्या तेलात उतरत असणार आणि कातडं पक्कं करत असणार. दुसरा कुठलाच फरक सापडत नव्हता. कंपनी घाईत होती, कारण याच जातीचं एक यंत्र जिल्ह्याच्या लसभांडारात होतं, सहा वर्षं न थांबलेलं, आणि तिथं त्याच्या आधारावर लहान मुलांच्या लसी होत्या. शनिवारी दुपारपर्यंत तो अहवाल पाठवणार होता, आणि सोमवारपासून सगळ्या यंत्रांच्या तेलात गंधकाचं मिश्रण घालायला सुरुवात होणार होती.

शालननं हातातला कप खाली ठेवला. यंत्राच्या मोटारीत तांब्याच्या तारा असतात आणि गंधक तांब्याला काळं करून खातं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. धुरीच्या खोलीजवळची विजेची जोडणी ती दर दोन वर्षांनी बदलून घेत आली होती. निनादला ती तसं म्हणालीही. त्यानं नम्रपणे मान हलवली आणि सांगितलं, की प्रमाण अगदी कमी ठेवू, शिवाय दुसरं काही कारण हाती नाही.

कारण शालनकडं होतं, म्हणजे तिला आता तसं वाटू लागलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे वेदिकाच्या सगळ्या सह्या खोट्या ठरवायच्या. संघात व्यवस्थापक बाई नको म्हणणारे आजही चार जण होते. त्यांना तेवढं पुरलं असतं.

त्या संध्याकाळी, दिवेलागणीला, भाकरी तव्यावर असतानाच तिनं सुनेला सगळं सांगून टाकलं. पाठमोरीच बोलली. बोलून झाल्यावरही वळली नाही.

मागून वेदिकानं विचारलं, किती वेळा?

"दर अमावस्येला. सहा वर्षं."

"म्हणजे माझ्या बहात्तर सह्या खोट्या." वेदिकाचा आवाज चढला होता. शालननं तो तसा कधी ऐकला नव्हता. "खोबरं मीही खात होते ना तिथं येऊन? मला वाटायचं नुसता नारळ फोडता. एकदा सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं असतं तर तू बंद करायला लावलं असतंस."

"होय, लावलं असतं. मग तुम्ही माझ्याशी भांडायचं होतं. मी काय परकी होते, आई? माणूस परक्याशी भांडत नाही. माझ्या आईशी मी रोज भांडत होते. इथं सहा वर्षं मी जपून जपून चालते, तुम्ही जपून जपून चालता, आणि माझ्या मागं हे."

भाकरी करपली. शालननं ती काढून बाजूला ठेवली आणि तीही काही तरी बोलली, ते चांगलं नव्हतं. मोठ्या शिकलेल्या सुनांपुढं माणसानं तोंड तरी कधी उघडावं, असं काहीसं. मग वेदिकानं तिला सुनावलं. मग तिनं वेदिकाला. मिठाचंही निघालं. आळणी भाजी दोघींनाही कधीच आवडली नव्हती, हे तेव्हा कळलं. शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि परत गेली. शेवटी दोघी दमल्या. वेदिकानं करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली आणि म्हणाली, उद्या काय करायचं ते उद्या बघू.

शनिवारी सकाळी निनाद व्यवस्थापकाच्या खोलीत माहिती चाळत बसला होता. शालन तयारी करून आली होती. पदर खोचून, काय बोलायचं ते मनात जुळवून. पण तिच्याआधी निनादच बोलला. एक गोष्ट त्याला खटकत होती. सेन्सर तपासणी वर्षातून एकदा करायची असते, इथं चौऱ्याहत्तर वेळा झालेली. दोन तपासण्यांत कधी एकोणतीस दिवस, कधी तीस. दर महिन्याला म्हणावं तर एका महिन्यात दोनदा आली आहे, चार आठवड्यांनी म्हणावं तर तेही जुळत नाही. संगणकाला विचारलं तर त्यानं यंत्रात दोष असावा असं उत्तर दिलं.

शालननं तोंड उघडलं. तेवढ्यात वेदिका उठली, खिळ्यावरची दिनदर्शिका काढली आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

"अमावस्या बघा," ती म्हणाली. "त्या तासाला यंत्र बंद असतं. महिनाअखेरीच्या कागदांवरच्या सह्या माझ्या आहेत."

निनाद तारखा ताडून बघू लागला. मग त्यानं शालनला सगळं विचारलं. किती वेळ बंद, सुरू कसं करता, किती सावकाश. शालननं मिस्त्रींच्या चाकापासून सांगितलं. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की त्याचं लिहिणं थांबलंय आणि तो खिडकीबाहेर बघतोय.

"म्हणजे आम्ही उलटं केलं," तो हळूच म्हणाला.

त्यानं मग दोघींना ते समजावून सांगितलं, खरं तर स्वतःलाच. शहाण्या तेलाचं कातडं धरायला धातूला धातू घासावा लागतो. पण यंत्र पूर्ण वेगात असताना फिरणारा भाग तेलावर तरंगतो, धातूला धातू टेकतच नाही. टेकतो तो फक्त थांबताना आणि सुरू होताना. न थांबणाऱ्या यंत्रात पहिल्या दिवशी धरलेलं कातडंच काय ते असतं. वायू ते रोज कणाकणानं धुऊन नेतो आणि नवं धरत नाही, कारण घासणंच नाही. मग कधीतरी यंत्र थांबवतात, आणि पुन्हा सुरू करतात ते उघड्या धातूवर, एकदम पूर्ण वेगात. इथं मात्र दर महिन्याला दहा मिनिटं सावकाश घासत कातडं पुन्हा नवं होत आलं होतं. झीज नको म्हणून ज्या गोष्टीला मनाई केली, त्याच गोष्टीवर हे तेल जगत होतं.

गंधकाचा अहवाल त्यानं तिथंच पुसून टाकला. मग फोन उचलला आणि मध्येच शालनकडं वळला. लसभांडारातलं यंत्र जवळजवळ उघडं पडलेलं असणार. ते थांबवून सुरू करायचं, तर नेमकं किती सावकाश?

"मिस्त्री बारा फेरे द्यायचे. एक पान लावून, खाऊन होईस्तोवर."

"पान किती वेळ चालायचं त्यांचं?"

"पाव तास तरी. पण ते यंत्र दणकट होतं. या बिचाऱ्याला दुप्पट द्या की."

निनादनं ते आकड्यांत बसवलं. लसी गाडीत हलवून त्याच दुपारी लसभांडारातलं यंत्र थांबवलं आणि मिनिटाला तीस फेऱ्यांवर अर्धा तास फिरवलं. शालन आणि वेदिका आपल्या यंत्रघरातल्या पडद्यावर तिथल्या कॅमेऱ्याचं चित्र बघत बसल्या होत्या. पहिली वीस मिनिटं नुसता राखाडी धातू. मग कडेला एक निळी छटा आली, दिसते न दिसते अशी, आणि सरकत सरकत गोल भरली. वेदिकानं सासूचं मनगट धरलं होतं. ते तिनं कधी धरलं, हे दोघींनाही सांगता आलं नसतं.

पुढं जे व्हायचं ते झालंच. कंपनीनं दोनशे ठिकाणी पत्रं धाडली, की महिन्यातून एक तास यंत्राला विसावा द्यावा आणि सुरुवात सावकाश करावी. संघाच्या यंत्राची हमी मात्र नियमाप्रमाणं रद्द झाली. शालन म्हणाली, ज्या यंत्राला दस्तगीर मिस्त्रींची रीत माहीत आहे त्याला कागद कशाला हवा. संघाची बैठक बसली. अध्यक्षांनी शालनचं कौतुक केलं, चूक केली ती केली, वर ती कबूलही केली म्हणून. पण खोटी सही ती खोटी सही, नकळत केली असली तरी. ते चार जण तर वाटच बघत होते. वेदिकाची खुर्ची वर्षभरासाठी गेली. शिक्षा म्हणून तिला यंत्रघरात मदतनीस नेमलं, शालनच्या हाताखाली.

शालनला दोन दिवस जेवण गेलं नाही. आपल्या नारळापायी पोरीला हे भोगावं लागलं, एवढंच तिला दिसत होतं. वेदिका सोमवारी जुनी साडी नेसून कामावर आली, केस घट्ट बांधून. आल्या आल्या तिनं नटबोल्ट आवळायचे पाने टांगलेल्या फळीकडं बोट दाखवलं आणि विचारलं, ही अशी मांडणी कुणी केली? रोज लागणारा पाना सगळ्यांत वर, शिडी लावून काढायचा? शालन म्हणाली, चाळीस वर्षं असाच आहे. वेदिका म्हणाली, म्हणून काय तो बरोबर आहे? शालननं तिला सांगितलं, की आधी पान्याचे आकार ओळखायला शीक आणि मग मांडणीला नावं ठेव. वेदिकानं तिथल्या तिथं बारा पाने आकारानं लावून दाखवले, एक चुकला. शालननं तो चुकलेला उचलून तिच्यासमोर धरला. वेदिका म्हणाली, अंधार किती आहे इथं, दिवा कुठं बसवलाय बघा, भिंतीला उजेड आणि हाताला सावली.

शेडमधल्या बायका निवडता निवडता माना वर करून ऐकू लागल्या. एक जण समजूत घालायला उठलीही. दुसरीनं तिला पदर धरून खाली बसवलं.

"आई, तुम्हाला यातलं काही म्हणजे काही कळत नाही," आतून वेदिकाचा आवाज आला.

शालननं यंत्राकडं तोंड फिरवलं, म्हणजे हसू दिसायला नको, आणि फळीवरचा पहिला पाना खाली काढला.

"बरं, कुठं टांगायचा, सांग," ती म्हणाली. "पण मी ऐकेनच असं नाही."